नारबाचा गोतावळा आणि आमचे दादा

माणसाला भाकरी लागते, पाणी लागते, अंगावर कापड लागते, हे आपण सगळेच जाणतो. पण दिवसाकाठी आपल्याशी दोन शब्द बोलणारे कोणीतरी लागते, हे आपल्या ध्यानात उशिरा येते. आमच्याही ते उशिराच ध्यानात आले, आणि तेही एका कादंबरीमुळे. ती हकिकत वाचक बंधू-भगिनींना सांगावी म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमची आई गेली. दवाखान्यात नेली ती परत घरी आलीच नाही. दुरूनच शेवटचे दर्शन झाले. अंत्यविधीला आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ एवढेच. आमच्या वस्तीत कोणाचे मयत झाले तर दोन-तीनशे माणूस जमते. बायाबापड्या घरात बसून असतात, चुलीवर शेजारच्या घरचे पातेले चढते. त्या वेळी यातले काहीच झाले नाही. बौद्धाचार्यांनी मोबाईलवरून त्रिशरण-पंचशील दिले. पुण्यानुमोदनाला घरातली पाच माणसे होती. दादा, म्हणजे आमचे वडील, एका कोपऱ्यात बसून होते. त्यांना ताप येऊन गेलेला, म्हणून तेही दवाखान्यात जाऊ शकले नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराचा असा शेवट झाला.

त्यानंतर दादा बोलायचे थांबले. भांडण नाही, रुसवा नाही. जेवायला वाढले की जेवत, औषध दिले की घेत. बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून असत. आमचे घर म्हणजे हडपसरच्या वस्तीतल्या दोन खोल्या. खिडकी उघडली तर समोर तीन हातांवर शेजारच्या घराची भिंत. म्हणजे खाटेवर पडून पाहिले तरी भिंत आणि खिडकीतून पाहिले तरी भिंतच.

आता आमचा गुन्हा सांगतो. आम्ही एका कचेरीत कारकून आहोत. संध्याकाळी आणि रविवारी विहारात बसून लोकांची कामे करतो. कोणाचा जातीचा दाखला, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे रेशनकार्ड, कोणा विधवा भगिनीची पेन्शन. कोरोनाच्या दोन वर्षांत तर ही कामे दुप्पट झाली. रात्री दहाला घरी यायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे. दादा गप्प असतात हे दिसत होते. पण 'वय झाले, दुःख आहे, निवळेल हळूहळू' असे म्हणून आम्ही पुढे जात होतो. सगळ्या वस्तीचे अर्ज आम्ही वाचले आणि आमच्या घरात आमच्याच बापाचा अर्ज पडून होता, तो वाचला नाही. तो अर्ज वाचला आमच्या मुलीने. ती त्या वेळी नववीत होती.

शाळा बंद होत्या. मुलगी दिवसभर घरात. तिने विहाराच्या वाचनालयातून पुस्तके आणून आजोबांजवळ बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आबा, ऐका हं," एवढेच म्हणायची आणि वाचायची. दादांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. त्यांना वर्तमानपत्र वाचता येते, पण कथा-कादंबरी त्यांनी कधी हातात धरली नव्हती.

पहिले पुस्तक होते व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. १९५५ मध्ये आलेली ही कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या एका लहानशा वाडीवर एक तरुण मास्तर एकटाच चालत जातो. तिथे त्याच्या ओळखीचे कोणी नाही आणि शाळेत पोरे नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे रानात. हळूहळू ती उजाड माळरानाची वाडी त्याला आपली वाटू लागते. शेवटी पाऊस दडी मारतो आणि माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात. वाडी ओस पडते. दुष्काळाचा भाग वाचताना मुलीने पाहिले, तर दादा भिंतीकडून कूस वळवून तिच्याकडे तोंड करून ऐकत होते. बोलले मात्र काही नाहीत.

दुसरे पुस्तक आनंद यादव यांचे 'गोतावळा'. ही कादंबरी १९७१ सालची. यादव मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचे, पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले आणि २०१६ मध्ये वारले. कादंबरी सगळी त्या भागातल्या खेडवळ बोलीत आहे, आणि बोलतो आहे नारबा. नारबा हा मळ्यावर राबणारा गडी. त्याला स्वतःचा असा संसार नाही. मळ्यातली बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या, झाडे आणि पाखरे हाच त्याचा गोतावळा. त्यांच्यात तो आपले एकटेपण विसरतो. कोणते जनावर कशाने दुखावले आणि कशाने खूश झाले हे त्याला कळते. पण मळा त्याचा नाही, मळा मालकाचा आहे. मालक ट्रॅक्टर आणायचे ठरवतो आणि मग बैलांची गरज उरत नाही. नारबाचा गोतावळा त्याच्या डोळ्यांदेखत तुटत जातो आणि नारबा पुन्हा एकटा उरतो.

एका रात्री आम्ही घरी आलो तेव्हा मुलगी वाचत होती आणि दादा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आई गेली तेव्हाही दादा रडले नव्हते. मुलगी घाबरून थांबली. दादा म्हणाले, "वाच गं. थांबू नगंस." आणि मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्यापशी बी व्हता एक. तांबडा."

त्या रात्री आम्हाला प्रथमच कळले की आमचे वडील वयाच्या अकराव्या वर्षापासून एका बागायतदाराकडे गुरे राखत आणि पुढे सालगडी होते. उस्मानाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले आमचे मूळ गाव. १९७२ च्या दुष्काळात दादा पुण्याला आले आणि इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागले. गावाचा विषय निघाला की ते उठून जात. आम्ही समजत होतो की त्यांना गावाचा राग आहे. राग होताच, पण रागाखाली आणखी काही होते, ते आम्ही कधी विचारलेच नाही.

तांबडा म्हणजे एक गोऱ्हा. त्याची आई व्याली आणि मेली. दादांनी त्याला कापडाच्या बोळ्याने दूध पाजून जगवले. गोठ्यात त्याच्याजवळच ते झोपत, कारण दुसरीकडे झोपायला जागा नव्हती. गोऱ्हा मोठा झाला, बैल झाला आणि एके दिवशी मालकाने तो विकला. "मलाच दावं धरून बाजारला न्यायला लावलं," दादा म्हणाले. "सात कोस. माझ्यामागं गुमान चालत आला. त्याला काय ठावं? मी रडाय लागलो तर मालक म्हनला, तुझ्या बापाचा हाय का रं बैल?" एवढे बोलून ते थांबले. मग म्हणाले, "खरंच हाय. माझ्या बापाचा न्हवताच त्यो."

आम्ही त्यांच्याजवळ बसलो. त्या रात्री दादा दीड तास बोलले. वर्षभराचे बोलणे होते की साठ वर्षांचे, कोण जाणे.

कादंबरी ही खोटी असते, रिकामटेकड्यांचा उद्योग असतो, असे आपल्यातले बरेच कार्यकर्ते मानतात. आम्हीही तसेच मानत होतो. निसर्गाची वर्णने आली की आम्ही पाने उलटत असू. त्याला कारणही आहे. साहित्यातला निसर्ग आपल्याला नेहमी परका वाटत आला. पुस्तकात गाव हिरवेगार असते, नदी झुळझुळ वाहते, आंब्याच्या सावलीत थोर माणसे विसावतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आलेली नदी वेगळी होती, तिचा पाणवठा वेगळा होता. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे आणि पाखरे पाणी पीत होती, त्यांना कोणी अडवत नव्हते. माणसाला मात्र तिथे ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पाणीच मोकळे नव्हते त्यांना निसर्गाची गोडी कोणी सांगावी? म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडून शहराकडे जायला सांगितले आणि आमचे दादा आले ते योग्यच केले, असे आमचे मत होते आणि आजही आहे.

पण त्या रात्री आम्हाला एक गोष्ट नव्याने समजली. गाव सोडताना दादांनी अपमान मागे टाकला, त्याबरोबर तांबडाही मागे टाकला होता. अपमानाविषयी बोलायला आपल्याकडे सभा आहेत, गाणी आहेत, पुस्तके आहेत. तांबड्याविषयी बोलायला जागा नव्हती. ती जागा त्यांना नारबाने दिली. आपल्यासारखाच एक माणूस पुस्तकात रडतो आहे आणि शिकलेली नात ते मोठ्याने वाचते आहे, हे ऐकल्यावर त्यांना वाटले की आपले रडणेही सांगण्याजोगे आहे. खोट्या गोष्टीने खऱ्या माणसाचे तोंड उघडले.

पुढे मुलीने आम्हाला एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगितली. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची 'द सीक्रेट गार्डन', म्हणजे गुप्त बाग. १९११ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी जगभरची मुले वाचतात. मेरी नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आपल्या हिंदुस्थानात वाढलेली असते. पटकीच्या साथीत तिचे आईबाप मरतात आणि घरात ती एकटी उरते. तिला इंग्लंडात मामाच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, शंभर खोल्यांच्या वाड्यात पाठवतात. मामा बायकोच्या दुःखाने सगळ्यांना टाळणारा, त्याचा मुलगा अंथरुणाला खिळलेला. आत्याला ज्या बागेत जीवघेणा अपघात झाला, ती बाग दहा वर्षे कुलूपबंद असते. एक छोटा पक्षी मेरीला त्या बागेची पुरलेली किल्ली दाखवतो. मुले गुपचूप माती उकरतात, तण काढतात, बी लावतात, आणि त्या कामातच मेरी हसू लागते आणि आजारी मुलगा चालू लागतो.

साथीने आईबाप नेलेल्या मुलीची ही गोष्ट २०२१ मध्ये आमच्या घरात सांगितली जात होती. दादा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला, "बाग कुनाची व्हती?" मुलगी म्हणाली, "मामाची." दादा म्हणाले, "तवा बरं झालं. किल्ली घरातच व्हती."

वाचकहो, हा प्रश्न आमच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मेरी आणि नारबा दोघेही एकटे. दोघांनाही झाडापाखरांनी जवळ केले. पण मेरी बरी झाली आणि नारबाचे होते तेही गेले. दोघांत फरक किल्लीचा आहे. झाडाची, जनावराची, मातीची माया सगळ्यांना सारखीच लागते, ती जात विचारत नाही. पण ती माया टिकवायचा हक्क माणसे वाटून घेतात. म्हणून निसर्गाच्या सहवासाने मन बरे होते, हे वाक्य आपल्यापुरते अर्धेच आहे. ज्या झाडाखालून कोणी उठवणार नाही, त्याच्या सहवासाने मन बरे होते, असे आम्ही ते पुरे करतो.

इथे बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. १९१७ मध्ये परदेशातून उच्च विद्या घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी विश्रामगृहात राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना निघून जाण्यास बजावले. मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी शहरातल्या कमाठी बागेत बसून काढला. त्या बागेत बसल्यावर आपल्याला आईवडिलांची आठवण झाली, असे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आई लहानपणीच गेलेली, रामजीबाबा १९१३ मध्ये गेलेले. एवढा मोठा विद्वान त्या दिवशी झाडाखाली पोरका होऊन बसला. शहरातली एकूण एक घरे बंद होती, सार्वजनिक बाग तेवढी उघडी होती. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आम्हाला तर वाटते, सार्वजनिक बाग आणि रस्त्याकडेचे झाड हे गरिबाचे आणि निराधाराचे घरच असते. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात लिहून ठेवले आहे की रस्त्यांच्या कडेने आपण वडाची झाडे लावली, ती पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. कोणत्या माणसांना, हे त्यात सांगितलेले नाही. सगळ्यांनाच.

असो. दादा बोलू लागले, पण बाहेर पडत नव्हते. एका कार्यकर्त्या मित्राने आम्हाला रॉजर उलरिक या संशोधकाच्या अभ्यासाविषयी सांगितले होते. १९८४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी त्याने तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधे कमी लागली. आम्ही जन्माचे कारकून; नोंदवहीतून निघालेली गोष्ट आम्हाला लगेच पटते. आम्ही घरातली खाट पाहिली, खिडकी पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून दादांना पहाटे कालव्यावर न्यायला सुरुवात केली.

खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसरमधून पुढे जातो. या कालव्याच्या पाण्यावर एके काळी हडपसरचे मळे पिकत. आमच्या लहानपणी ऊस आणि भाजीपाला दिसायचा, वस्तीतल्या बाया खुरपायला आणि भाजी काढायला जायच्या. आमची आईही जायची. आता त्या जागी उंच इमारती आहेत. साधारण २००० सालापासून मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले आणि जमिनीच्या मापाने प्रत्येकाला हिस्सा मिळाला. शेतकऱ्याने जमीन न गमावता शहर व्हावे, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. फक्त कालव्यावरून चालताना आमच्या मनात येते की इथे पिढ्यान्पिढ्या खुरपे चालवलेल्या बायांच्या हातांना या मातीचा वास होता, पण सातबाऱ्यावर त्या हातांचे नाव नव्हते. नारबाची गोष्ट कोल्हापूरकडची असली तरी ती आपल्या दारातलीही आहे.

कालव्यावर दादा पहिले काही दिवस नुसते चालले. मग बगळे दाखवू लागले. मग एके दिवशी एका जांभळाखाली थांबून त्यांनी खाली पडलेल्या बिया वेचल्या आणि रुमालात बांधल्या. म्हणाले, "वली हाय तवर लावाय पायजे. जांभळाची बी वाळली की मेली."

विहाराच्या अंगणात झाड लावायचे ठरले तेव्हा तरुण मंडळींचे म्हणणे पडले की बोधिवृक्ष लावावा. भावना योग्यच होती. पण दादा बैठकीत उठून उभे राहिले. वर्षानंतर प्रथमच ते चार लोकांत बोलले. "पिंपळ भितीजवळ लावू नगा. मुळी भित फोडत्यात. वर्गणी करून बांधलेला इहार हाय." मंडळींनी ऐकले. बोधिवृक्षासाठी पुढे मोकळी जागा मिळेल तेव्हा पाहू असे ठरले आणि अंगणात जांभळाची रोपे लावली, २०२२ च्या पावसाळ्यात.

पहिले रोप शेळीने खाल्ले. दुसऱ्याला क्रिकेटचा चेंडू लागला. तिसऱ्याभोवती दादांनी पत्र्याच्या जुन्या पिंपाचे कडे बसवले आणि सकाळ-संध्याकाळ तिथे खुर्ची टाकून बसू लागले. म्हातारा माणूस झाड राखत बसलेला पाहून पोरे जमू लागली. आधी चिडवायला आली, मग पाणी घालायला आली. दादा त्यांना बैलाच्या, दुष्काळाच्या, खडी फोडण्याच्या गोष्टी सांगू लागले. वस्तीतले आणखी दोन म्हातारे तिथे येऊन बसू लागले. दोघांच्याही बायका कोरोनातच गेलेल्या. तिघे एकाच वस्तीत असून वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते.

आम्ही दादांना एकदा म्हणालो, "दादा, बीचं झाड आहे. जांभळं धरायला आठ-दहा वर्षं जातील." ते म्हणाले, "मला कुठं खायाचीत?"

पाली वाङ्मयात एक कथा आहे. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये भांडणे माजली. तथागतांनी समजावले तरी ते ऐकेनात. तेव्हा तथागत एकटेच पारिलेय्यक वनात गेले. तिथे कळपाला कंटाळून आलेला एक हत्ती होता. त्याने तथागतांची सेवा केली. अट्ठकथेत एका माकडाने मध आणून दिल्याचीही भर आहे. हत्ती-माकडाची गोष्ट अक्षरशः खरी मानावी असा आमचा आग्रह नाही, आपण बुद्धिवादी माणसे आहोत. पण कथा सांगणाऱ्याला काय म्हणायचे होते ते पाहा. माणसांचा वीट आला तर वनात जावे, हे तथागतांनाही करावेसे वाटले. तिथे त्यांना शांती मिळाली. पण ते तिथे राहून गेले नाहीत. पुढे ते श्रावस्तीला आले, भिक्खूंनी क्षमा मागितली आणि संघ पुन्हा एक झाला. वन हे विसाव्याला आहे, मुक्कामाला संघच लागतो. दादांचे जांभूळही आम्हाला म्हणूनच मोलाचे वाटते. त्या झाडाने दादांना माणसांतून बाहेर काढले नाही, माणसांत आणून बसवले.

दादा पूर्ण बरे झाले असे आम्ही लिहिणार नाही. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. अजूनही काही रात्री ते भिंतीकडे तोंड करून पडतात आणि आम्ही हाक मारली तरी ओ देत नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षांची सोबत कोणत्याही झाडाने भरून निघत नाही, कोणत्याही पुस्तकानेही नाही. पण पूर्वी आम्ही 'निवळेल' म्हणून झोपी जात असू, आता उठून त्यांच्याजवळ बसतो. बदल दादांइतकाच आमच्यातही झाला आहे.

आपल्या घराघरात असे दादा आहेत, असे मामा-मावश्या आहेत. कारखान्यांत, बांधकामांवर आणि दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी आपल्याला शिकवले, साहेब केले, कारकून केले. आपण त्यांच्या औषधपाण्याचे बघतो, बोलण्याचे बघत नाही. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला रोज पंधरा मिनिटे आजी-आजोबांजवळ बसून एक पुस्तक मोठ्याने वाचायला लावा. पुस्तक विहारातून, वाचनालयातून, मिळेल तिथून आणा; त्यात माणूस असावा, जनावर असावे, माती असावी. वाचता वाचता म्हातारे माणूस मध्येच बोलू लागले तर पुस्तक मिटा आणि त्यांचे ऐका. दुसरे, विहाराच्या अंगणात, वस्तीच्या चौकात एक तरी झाड असे वाढवा की ज्याखाली बसायला कोणाची परवानगी लागणार नाही. त्याची राखण एखाद्या एकट्या माणसाकडे सोपवा. उपकार म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून.

गेल्या एप्रिलमध्ये आईच्या स्मृतिदिनी विहारात वंदना झाली. खीर वाटून झाल्यावर मुलांनी दादांना गोष्ट सांगायचा हट्ट धरला. जांभूळ आता दादांच्या डोक्याच्या वर गेले आहे. त्याच्या थोड्याशा सावलीत खुर्ची टाकून दादांनी तांबड्याची गोष्ट सांगितली. बाजारापर्यंतची सगळी. एका लहान मुलाने विचारले, "आजोबा, मग तो बैल तुमचा नव्हताच का?"

दादा थोडा वेळ गप्प बसले. आमच्या पोटात धस्स झाले. मग त्यांनी जांभळाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्यो न्हवता रं. ह्ये हाय. आपल्या सगळ्यांचं हाय. जा, तांब्याभर पानी आन."

आणि ते पोरगे पाणी आणायला पळाले.